माझाच नंबर टाका

वरकुट्यात घरी बसून मी परगावच्या लोकांच्या वेबसाइट बनवतो आणि चालत्या ठेवतो. हे नेमकं काय काम आहे, ते गावात समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. आधी बारामतीत एमआयडीसीच्या बाजूला एक खोली घेतली होती. मग घराजवळून फायबरची वायर गेली आणि मी बाडबिस्तरा उचलून गावी आलो. ती वायर विजेच्या खांबांवरून लोंबत लोंबत येते. कारखाना सुरू झाला की उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉल्या तिला हमखास ओढून नेतात. म्हणून मोबाइलचं इंटरनेट वेगळं ठेवलंय, ते गेलं तर दुसऱ्या कंपनीचं डोंगल आहे, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. बायको म्हणते, एवढी तयारी आपल्या लग्नातसुद्धा नव्हती.

मी मुळातच घाबरट माणूस आहे. ज्या कॉम्प्युटरवर या वेबसाइट राहतात, तो सर्व्हर कुठल्या तरी शहरात, थंड केलेल्या खोलीत असतो. मी तो कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण त्याच्या जिवाला घोर मात्र मला. तो बंद पडला की माझ्या मोबाइलवर एक वेगळी घंटा वाजते. एकदा भावकीतल्या लग्नात बँडवाल्याने तसलाच काहीतरी सूर काढला आणि मी पंगतीतून उष्ट्या हाताने उठलो. लोकांना वाटलं जेवणात काही निघालं. घंटा वाजली नाही तरी मी दर थोड्या वेळाने खिशातून फोन काढून बघतो, कारण घंटाच बंद पडली असली तर?

या भीतीतूनच मी कामाचे दोन नियम केलेत आणि हाताखालच्या सगळ्यांना ते सांगून सांगून वीट आणलाय. एक, कुठलीही गोष्ट एकाच खुंटीला टांगायची नाही. दोन, काहीही बदलण्याआधी त्याच्यावर कोण कोण अवलंबून आहे ते शोधायचं. पुण्याच्या ज्या ऑफिससाठी मी काम करतो, तिथं माझ्या पाठीमागे या नियमांची नक्कल करतात, हे मला ठाऊक आहे.

आता गावातला माझा दुसरा धंदा सांगतो, ज्याचा पैसा मिळत नाही आणि मानही फारसा मिळत नाही. कुणाचाही ऑनलाइन फॉर्म असला की तो माझ्याकडे येतो. रेशन, गॅस, पीक विमा, दवाखान्याचं कार्ड, मुलांच्या परीक्षा. फॉर्ममध्ये मोबाइल नंबरचा रकाना आला की समोरचा माणूस जरा अवघडतो. त्याचा फोन कधी रिचार्जविना बंद, कधी शेतात, कधी नातवाच्या हातात. मग ठरलेलं वाक्य येतं, "तुझाच टाक की." आणि मी टाकतो. तात्या म्हणावेत अशा म्हाताऱ्यांसाठी टाकला, चुलत्यांसाठी टाकला, नरसिंहपूरला दिलेल्या बहिणीच्या सासूसाठीसुद्धा टाकला. मग ते सहा आकडी ओटीपी माझ्या फोनवर येऊ लागले. कुणाचा तरी फोन यायचा, "आला का रं आकडा?" आणि मी कॉम्प्युटरवरची बोटं थांबवून आकडा वाचून दाखवायचो. कुणाच्या घरी गॅस संपला, कुणाच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे, कुणाच्या रक्तात साखर किती निघाली, सगळं मला आधी कळायचं. मी वैतागायचो. बायकोपाशी कुरकुर करायचो की मला काय गावाचं पोस्ट ऑफिस समजलेत का. पण खरं सांगायचं तर आत कुठंतरी बरं वाटायचं. माझा फोन कधी बंद नसतो, याचा मला अभिमान होता.

तर त्या फोनचं सिमकार्ड जरा ढिलं झालं होतं. मोटारसायकल खड्ड्यातून गेली की मधूनच रेंज जायची, परत यायची. दुसऱ्या कुणी कागदाचा कपटा घालून काम भागवलं असतं. मी चार दिवस विचार केला आणि ठरवलं की कार्डच नको. आता ई-सिम मिळतं, म्हणजे कार्ड नसतंच, नंबर फोनच्या आतच बसवलेला असतो. जे हलतच नाही ते ढिलं काय होणार? दिवस बघून सोमवार निवडला, सकाळी दहाची वेळ घेतली. ऑफिसला कळवलं की दोन तास माझा नंबर लागणार नाही. माझ्या सगळ्या खात्यांत ओटीपीशिवाय शिरता यावं म्हणून पर्यायी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवले. बँकेचं बघितलं, सर्व्हरचं बघितलं. एवढी चोख तयारी करून कंपनीला मेसेज पाठवला. जुनं कार्ड पाच मिनिटांत मेलं. नवं काही जिवंत होईना.

फोनवर लिहून आलं की विनंतीवर काम चालू आहे, चोवीस तास लागू शकतात. मला घाम फुटला, पण तो नेहमीचा घाम. घरचं वायफाय चालू होतं, वेबसाइट चालू होत्या. मी स्वतःला समजावलं की तुझं काही अडलेलं नाही, शांत बस आणि चहा पी.

अकराच्या सुमारास चुलतभावाची मुलगी दारात आली. दादाची ही थोरली. बारावी झालेली, अंगाने बारीक, बोलायला कमी. दादाच्या वस्तीवरून चालत आली होती आणि तिला धाप लागली होती. म्हणाली, "काका, तुमचा फोन लागत न्हाय. आकडा तुमच्याकडं आला असंल ना?"

कसला आकडा, हे मी विचारलं आणि तिने सांगितलं. नर्सिंगच्या प्रवेशाची यादी लागली होती. तिला सरकारी कॉलेजात जागा मिळाली होती. ती जागा आपल्याला हवी आहे, असं पोर्टलवर जाऊन आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. त्यासाठी बटण दाबलं की ओटीपी येणार, तो भरला की जागा पक्की. पाचनंतर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. हिने दहानंतर तीनदा बटण दाबलं होतं. तिन्ही ओटीपी माझ्या मेलेल्या नंबरवर गेले होते, कारण जूनमध्ये तिचा फॉर्म मी भरला होता आणि नंबर माझा टाकला होता.

त्या जागेवर तिचं काय काय टांगलेलं आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दादाने स्वच्छ सांगून ठेवलं होतं की सरकारी कॉलेज लागलं तर पाठवीन, नाहीतर घरी बसून बाहेरून बी.ए. करायचं. आणि घरी बसलेल्या मुलीला आमच्याकडे किती दिवस बसू देतात, तेही सगळ्यांना माहीत होतं. एक स्थळ तर दिवाळीनंतर बघायला येतोच म्हणून बसलं होतं.

मी तिला म्हणालो की काही काळजी करू नको. काळजी एकट्या माणसाला पुरून उरेल एवढी माझ्याकडे होतीच. कंपनीच्या ॲपवर तक्रार केली, बायकोच्या फोनवरून मदत केंद्राला लावलं, तिथल्या गाण्याची चाल पाठ झाली. ती मुलगी ओसरीवर उभीच होती. हळूच म्हणाली की पोर्टलवर लिहिलंय, नंबर बंद असेल तर सुविधा केंद्रात अर्ज दिल्यावर बदलून मिळतो, आणि बारामतीच्या एका कॉलेजात असं केंद्र आहे. मी तो विचार झटकून टाकला. केंद्र म्हणजे अर्ज, अर्ज म्हणजे सही, शिक्का आणि जेवणाची सुट्टी. त्यापेक्षा कंपनीचं दुकानही बारामतीतच आहे, तिथं नंबर अर्ध्या तासात चालू करून आणू, असं मी तिला माझ्या कामाच्या आवाजात सांगितलं. त्या आवाजापुढे ऑफिसातही कुणी बोलत नाही.

दादा उसाला पाणी द्यायला गेला होता. त्याला निरोप ठेवून आम्ही मोटारसायकलवर निघालो. वाटेत लासुर्ण्याला रस्त्याचं काम चालू होतं, तिथं वीस मिनिटं गेली. मी हँडल इतकं घट्ट धरलं होतं की उतरल्यावर बोटं सरळ होईनात. मुलगी मागे कागदांची पिशवी पोटाशी धरून बसली होती. तिने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं, निदान मला चिडता आलं असतं.

दुकानात आमचा टोकन नंबर यायला दोन वाजले. काउंटरवरच्या तरुणाने माझा नंबर कॉम्प्युटरवर टाकला, जरा वेळ वाचलं आणि विचारलं की हे नाव कुणाचं आहे. मी म्हणालो, वडिलांचं. मी अकरावीला असताना माझ्याकडे कसला पुरावाच नव्हता, म्हणून आबांच्या ओळखपत्रावर इंदापूरच्या दुकानातून ते कार्ड घेतलं होतं. तेव्हा सगळेच असं घ्यायचे. "मग त्यांना घेऊन या," तो म्हणाला. "अंगठा त्यांचाच लागेल."

आबांना जाऊन चार वर्षं झाली होती. बँकेतलं त्यांचं नाव मी कमी केलं, सातबाऱ्यावरचं केलं, सोसायटीतलं केलं. प्रत्येक ठिकाणी तो दाखला जोडला. हा एक नंबर तेवढा तसाच ठेवला. विसरलो, असं म्हणता येणार नाही. एक जागा अशी राहू द्यावी की जिथं आबा अजून आहेत, असं काहीतरी मनात होतं. ते वारलेत, हे मी त्या तरुणाला सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मग त्याने कागद सांगितले, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, आणि वर किमान आठवडा. सर्व्हरचं काम करणाऱ्या माणसाच्या तोंडचं पाणी पळावं अशी गोष्ट होती. निम्म्या गावाचे ओटीपी एका नंबरवर, आणि तो नंबर हयात नसलेल्या माणसाच्या नावावर. आणि एकाच खुंटीला काही टांगू नका, असं दहा वर्षं मी जगाला सांगत होतो.

बाहेर आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. मी दुकानाच्या पायरीवर बसलो. मला रडू येत होतं आणि शेजारी ती मुलगी उभी होती म्हणून रडता येत नव्हतं. अजून कुणाला फोन करावा, कोण ओळखीचं आहे, याचीच जुळवाजुळव डोक्यात चालू होती. ती म्हणाली, "काका, केंद्रात जाऊ या का आता?" सकाळपासून दुसऱ्यांदा म्हणाली. या वेळी मी उठलो.

केंद्रात खिडकीवर एक बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्या जेवणाच्या सुट्टीवरून नुकत्याच आल्या होत्या आणि आमच्या पुढे सहा-सात मुलं उभी होती. भिंतीवरचं घड्याळ मी इतक्या वेळा बघितलं की ते पुढे सरकायला लाजत असेल. पावणेचारला आमचा नंबर लागला. बाईंनी ऐकून घेतलं, फार काही विचारलं नाही. असे रोज येतात म्हणाल्या. कुणाचा नंबर कॅफेवाल्याचा, कुणाचा मामाचा, कुणाचा सरपंचाचा. अर्ज मुलीने स्वतःच्या हाताने लिहायचा, नवा नंबर त्यात घालायचा, आणि पालकांनी फोनवर होकार द्यायचा, म्हणजे झालं.

मुलगी बाकावर बसून अर्ज लिहू लागली. अक्षर सुंदर होतं आणि कुठं खाडाखोड नव्हती. नंबरापाशी ती आली तसा मी माझ्या बायकोचा नंबर सांगायला लागलो. एकेक आकडा मोठ्याने, संथपणे, जसे मी वर्षानुवर्षं ओटीपी सांगत आलो तसे. तिने दहा आकडे लिहिले. मी वाकून ताळा करायला बघितलं तर त्यातला एकही मी सांगितल्याप्रमाणे नव्हता.

मी म्हणालो की हा चुकला. ती वर न बघता म्हणाली, "चुकला न्हाय, काका. माझा हाय. फॉर्म भरतानाबी मी सांगितला हुता तुमास्नी."

आणि मला आठवलं. जूनमधली दुपार, पंख्याखाली मी भराभर रकाने भरत होतो. माझा पण नंबर आहे, असं ती म्हणाली होती, दहावीला आईने घेऊन दिलेला, आईच्याच जुन्या फोनमध्ये घातलेला. आणि मी स्क्रीनवरून मान न वळवता म्हणालो होतो की तुझा नको, पोरीचा नंबर कशाला कुठं द्यायचा, माझा टाकतो, माझा कायम चालू असतो. तिने मान डोलवली होती. मी पुढच्या रकान्यावर गेलो होतो. मला इतकी लाज वाटली की मी उगाच खिसे चाचपायला लागलो.

बाईंनी अर्ज घेतला आणि पालकांना फोन लावायला सांगितला. मुलीच्या फोनवरून मी दादाला लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. दादा पाण्यावर असला की फोन शेतातल्या कोपीत, त्या झोपडीत टांगलेल्या सदऱ्याच्या खिशात असतो. चार वाजून दहा मिनिटं झाली, वीस झाली. शेजारच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारवाल्याला लावून बघू म्हटलं तर त्याचा नंबर जुन्या मेलेल्या कार्डातच घरी राहिलेला. बाई म्हणाल्या की पाचला पोर्टल बंद होईल, मग माझ्या हातात काही नाही. मी सहाव्यांदा दादाचा नंबर फिरवला.

मुलीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. ओढला नाही, काढून घेतला. "आईला लावते," म्हणाली.

वहिनीचा स्वतःचा नंबर आहे, हे मला माहीतच नव्हतं. या घराचे कितीतरी फॉर्म मी भरले असतील, त्या रकान्यात वहिनीचा नंबर टाकावा असं मलाही कधी सुचलं नाही आणि दादालाही नाही. एक घंटा पुरी वाजायच्या आत तिने उचलला. सकाळपासून हातात धरूनच बसली असणार. मुलीने फोन स्पीकरवर टाकून खिडकीच्या कठड्यावर ठेवला. बाईंनी विचारलं की तुम्ही आई का, मुलीला ही जागा घ्यायला तुमची संमती आहे का. वहिनी व्हय म्हणाली. मग बाईंनी विचारलं की मोबाइल नंबर बदलायचाय, मुलीने स्वतःचा लिहिलाय, चालेल ना, की घरच्या मोठ्या कुणाचा टाकू.

पलीकडे कुठंतरी म्हैस ओरडली. आमच्याकडे अशा वेळी बाईमाणूस काय म्हणतं, ते मला ठाऊक होतं. ह्यांना विचारून सांगते, असं म्हणतं. मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो. तसं वहिनी म्हणाली असती तर सगळं संपलं असतं, आणि त्याला कारण मी होतो.

"तिचाच टाका, बाईसाहेब," वहिनी म्हणाली. "शिकायला ती जानार हाय."

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टाकलं. मग म्हणाल्या की आता बटण दाब. मुलीने त्याच फोनवर पोर्टल उघडून बटण दाबलं, कॉल चालूच होता, वहिनी पलीकडे होती. मुलीच्या त्या फोनच्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला होता. पंधरा-वीस सेकंद काही झालं नाही. मग तो फोन कठड्यावर थोडासा थरथरला.

माझा हात आपोआप पुढे गेला. "आण इकडं, मी टाकतो," मी म्हणालो.

पण तिने तो आकडा वाचून केव्हाच भरला होता. मग फोनवर वाकून ती आईला म्हणाली, "झालं, आई." फोनवर वहिनी रडत होती, आणि खिडकीपलीकडच्या बाईंनी पुढच्या मुलाला जरा थांबायला सांगितलं.